भाभींचा सत्कार

मंदीत चाँदबीच्या चटणीची गिऱ्हाइकं निम्म्यावर आली, तसा राजारामपुरीतल्या महिला मंडळाच्या प्राचीताईंना उद्योजिकांचा भारी कळवळा आला. त्यांनी खास सभा भरवली, शाल-नारळ देऊन चाँदबीचा सत्कार केला आणि सगळ्यांसमोर तिच्याकडून कांदा-लसूण चटणी करून घेतली.

"हातचं काय राखू नका हं भाभी! बाईनं बाईला साथ द्यायची."

चाँदबी भाबडी. खोबरं किती भाजायचं इथपासून तिनं सगळं सांगून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात प्राचीताई पिशवी घेऊन दारात हजर. ऑर्डर आली म्हणून चाँदबी हरखली. "किती किलो बांधू, ताई?"



"बांधायची न्हाय, घ्यायची हाय! मंडळानं चटणी काढलीया. पयलं गिऱ्हाईक तुम्हीच की, भाभी. साथ नको द्यायला?"