मण्याला न कळलेलं

"मला भात पुरे, पाणी हवंय," निहारच्या मनगटीतला मणी म्हणाला. दोन वर्षांचा निहार मात्र तोंड मिटून बसला होता.

बारशाच्या दिवशी काळ्या मण्यांबरोबर ओवून बांधलेला हा बोलका मणी बाळाच्या मनातलं मागणं ओळखून सांगायचा. त्यामुळे घरात रडारड अशी नव्हतीच. पण मुलगा अजून एक शब्दही बोलला नव्हता. त्याच्या आईच्या, शाल्मलीच्या जिवाला घोर लागला होता. सकाळीच डॉक्टरबाई हसून म्हणाल्या होत्या, "अहो, हल्ली मणी बांधलेलं कुठलं मूल दोन वर्षांत बोलतं? शाळेत गेलं की बोलेल. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."

शाल्मलीने त्याला पाणी पाजलं आणि ती ताट उचलून वळली, तेवढ्यात निहारने तिची ओढणी ओढली.

"काय रे सोन्या? अजून पाणी? कडेवर घेऊ?"

मणी गप्प. बिघडला की काय मेला, म्हणून तिने तो उलटून पाहिला. त्याचा बारीक दिवा तर लागलेला होता. मण्याचं काहीच चुकत नव्हतं. निहारला काही नकोच होतं.

त्याचं बोट फरशीकडे होतं. एक मुंगळा भाताचं शीत ओढत भिंतीकडे निघाला होता.

"बग," निहार म्हणाला.

शाल्मलीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मुंगळा तिला चांगला दिसत होता. तरी ती निहारशेजारी खाली बसली आणि भलतीकडेच पाहत म्हणाली, "कुठे रे? मला नाही दिसत."