वेशीबाहेरचं गणित

मोबाइलवर आकडा हलला. एकसष्ट टक्के. घर सोडताना चाळीस होते.

गौरजा झावळांच्या राहुटीत पाय दुमडून बसली होती. देवाने कौल दिला आणि सगळं आचरा गावपळणीच्या प्रथेप्रमाणे वेशीबाहेर आलं. तीन दिवस गावात माणूस नाही, गुरं-ढोरं नाहीत, चुलीला धूर नाही. घराचा मेन स्विच बाबांनी निघतानाच बंद केला होता. मग घरातला कंप्यूटर चालतो कसा?

त्या कंप्यूटरमध्ये गणितातले दोन उपग्रह होते. दोनशे किलोमीटरचं अंतर राखून एकामागे एक धावणारे, जत्रेतल्या बहिणींसारखे. एकाने लेझरचा किरण सोडायचा, दुसऱ्याने परतवायचा, त्यावरून अंतर मोजायचं. आरसा केसाएवढा कलला तरी माप चुकणार. गौरजाने मांडलेली आरशांची रचना ते कलणं सोसते का, हे लाखो किरण सोडून पाहायचं होतं. उत्तर उद्या दुपारी बारापर्यंत बंगळुरूच्या उपग्रह केंद्राला गेलं नाही, तर दुसऱ्या कुणाची रचना घेणार होते. तिचं दोन वर्षांचं काम वाया.

वीज गेली की गणित थांबे. यंत्र सुरू केलं की थांबल्या जागेवरून पुढे चाले. पण सुरू करणार कोण?

"स्विच मी माझ्या हातान बंद केलंय," जयराम तिसऱ्यांदा लेकीला म्हणाले.

शेजारच्या राहुटीतले शंकरकाका हसले. "देवाक पण गणित शिकवलंस काय गो?"

हसावं की घाबरावं, तिला कळेना. आई, काशीबाई, इथे असती तर काकांना तिनेच झापलं असतं. गावपळणीची थट्टा काशीबाईंना खपत नसे. मागल्या खेपेला एक कोंबडी घरी राहिली, तर तिन्ही दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मागे राहिलेल्या जिवाचं बरं होत नाही, म्हणायच्या. यंदा गुडघे धरले म्हणून त्या वालावलला बहिणीकडे गेल्या होत्या. बाबांनीच रिक्षात बसवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला शंभर टक्के झाले. रचना टिकली होती. पण गौरजाला आनंद होईना. अंधाऱ्या, बंद घरातून आलेला आकडा खरा कसा मानायचा? खोटा निघाला तर तिकडे तिचं पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

घराची दुसरी किल्ली आईकडे असे. ती कुणाला दिलीस का, एवढंच विचारायला तिने फोन लावला.

पहिल्याच रिंगला तो उचलला गेला. आई कुजबुजत होती.

"गो, तुझ्या मशीनचो पंखो शांत झालो. आता बंद करू काय?"