तिसरा पेला

ओदोईच्या हातात जिन दारूची हिरवी बाटली होती आणि तिच्यातला एक पेला कोरकोईच्या नवऱ्याचा होता. तसं ठरलं होतं. पहिला पेला आकाशातल्याला आणि भुईला, दुसरा वाडवडिलांना, तिसरा तिच्या नवऱ्याला, क्पाक्पोला, नाव घेऊन. नाव घेतल्याशिवाय मेलेला माणूस पेल्याला हात लावत नाही, आणि प्यायल्याशिवाय तो घरी येत नाही. त्या एका पेल्याची वाट बघत कोरकोई सुतकाचं काळं नेसून म्हातारी झाली होती.

आक्रा शहरातली ती जुनी सरकारी कचेरी आता हॉटेल होणार होती. सैनिकांच्या राजवटीत वरच्या मजल्यावरच्या एका कारकुनाला, क्पाक्पोला, एका सकाळी 'जरा तळघरात ये' म्हणून निरोप आला होता. टेबलावरचा चहा तसाच ठेवून तो गेला. वर आला नाही. प्रेतही कुणी दिलं नाही. आता त्या तळघरात पाहुण्यांसाठी वाफेची न्हाणीघरं व्हायची होती, आणि भुईला पाजल्याशिवाय फरशीला हात लावणार नाही म्हणून कामगार अडून बसले होते. त्यासाठी मालकानं वस्तीतला वडीलधारा माणूस बोलावला होता. तो ओदोई, क्पाक्पोचा थोरला भाऊ.

मालक अम्पोंसा कोरकोईशी गोड बोलला. "काही मोडणार नाही हो, आजी. त्या अर्जांच्या खिडक्या, पितळी गज, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तसंच ठेवणार. पाहुण्यांना जुनंच आवडतं."

"खालचंही?"

"खालचं तेवढं नवं."

ओदोईनं वहाणा काढल्या, खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत उतरवलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बोलायला लागला. त्याचा आवाज अजून खणखणीत होता. प्रत्येक वाक्याला सगळे 'हियाओ', तसंच होवो, म्हणत होते. कोरकोईही म्हणत होती. तिच्या शेजारी ओदोईचा मुलगा लार्या उभा होता, लाल दोऱ्याची टोपी घालून. हॉटेलच्या दारावर दरवान म्हणून त्याला ठेवून घेतलं होतं.

पहिला पेला भुईनं प्यायला. दुसरा प्यायला. तिसरा भरला तेव्हा कोरकोईनं ओठ घट्ट मिटले. दिराच्या आधी आपल्याच तोंडून नाव निसटायचं, अशी तिला भीती वाटली.

"हा पेला इथं येणाऱ्या पाहुण्यांना," ओदोई म्हणाला. "त्यांना गाढ झोप लागो. या घराच्या मालकाचं भलं होवो."

"हियाओ."

त्यानं बाटली उपडी करून झटकली. काही उरलं नव्हतं.

"भाऊजी," कोरकोई हळू म्हणाली, "त्यांचं नाव राहिलं."

"राहिलं नाही." ओदोई वहाणेत पाय घालत होता. "खाली माणूस आहे असं कळलं तर हे लोक कुदळी टाकून जातील. मग कसलं हॉटेल आणि कसली पोराची नोकरी?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"नसता दिला तर तू घरीच रडारड केली असतीस."

कोरकोई त्याला ओलांडून पुढं गेली. जिन्याच्या कठड्याला धरून तिनं खालच्या अंधारात हाक मारली. "क्पाक्पो. अहो, मी आले आहे. वर या. घरी चला."

मुकादम सेइदू पुढं आला. "आजी, कुणाला बोलावलंत?"

"माझ्या नवऱ्याला. इथंच ठेवलंय त्यांना."

दोघातिघांनी घण खाली ठेवले. सेइदूनं ओदोईच्या हातातल्या बाटलीकडं बघितलं. "अहो, ती तर रिकामी आहे. बोलावलंत खरं, आता त्याला देणार काय?"

तेव्हा कोरकोईला कळलं आपण काय केलं ते. इतक्या वर्षांच्या तहानेल्या माणसाला तिनं उठवलं होतं आणि तिच्या हातात थेंब नव्हता. ती कठड्याशी तशीच उभी राहिली.

अम्पोंसानं ओदोईकडं नुसतं बघितलं.

ओदोई हसला. "हिचं काय ऐकता? माझा भाऊ दुसऱ्या बाईचा हात धरून सीमेपलीकडं लोमेला गेला, तिकडंच मेला. खाली कुणी नाही. आणि ही त्याची बायको नव्हे. हिच्या बापाच्या दारी आमच्या घरानं लग्नाची दारू कधी नेलीच नाही. घराचा वडील मी आहे, मी सांगतो."

सेइदूनं श्वास सोडला. "मग काही भीती नाही," तो आपल्या माणसांना म्हणाला. "दारू नेली नाही, तर बायको नाही. परक्या बाईच्या हाकेनं कुणी उठत नाही." घण पुन्हा खांद्यावर चढले.

"भाऊजी, ती लग्नाची बाटली तुम्हीच डोक्यावरून आणलीत," कोरकोई म्हणाली. "माझ्या बापाच्या पायाशी तुम्हीच ठेवलीत. पहिला घोटही तुम्हीच घेतलात."

"कुणाच्याही घरी मला पहिला घोट मिळतो," ओदोई म्हणाला. कामगार हसले.

"चला, घरच्या मंडळींसाठी आत मासे आणि मक्याची कोमी मांडली आहे," अम्पोंसा म्हणाला. "बाकीच्यांनी बाहेर व्हा. आता धूळ उडेल."

खालून पहिला घाव ऐकू आला. लार्या कोरकोईजवळ आला. लहानपणी तो तिच्याच पाठीला बांधलेला असायचा. त्यानं तिचा दंड हलकेच धरला.

"काकू," तो म्हणाला आणि थांबला. त्यानं बापाकडं बघितलं. ओदोई हात धूत होता, पण मान वर होती.

लार्यानं दंड सोडला, टोपी सरळ केली.

"बाई," तो म्हणाला, "फाटक त्या बाजूला आहे."