ताजं रक्त

सुमात्रातल्या पामच्या मळ्यात रुस्मिनी कीटकनाशक फवारायची. हल्ली तिच्या छातीतून शिट्ट्या वाजत. "चुलीचा धूर, दुसरं काय!" मुकादम म्हणायचा. शेवटी मुलीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळीत फुंकायला लावलं. फुंकताना तिचा जीव कासावीस झाला. "फवाऱ्यानं रक्तातलं एन्झाइम निम्म्यावर आणलंय, श्वासनळ्या चिडल्यात. आता फवारणी बंद," बाई म्हणाल्या. हे कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं घराच्या दारातच रुस्मिनीचा भरलेला पंप मुलीपुढे धरला. "आईचं रक्त नासलं. तुझं ताजं आहे, चल." रुस्मिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंप हिसकावून तिनं सगळं औषध त्याच्या मोटारसायकलवर ओतलं. तो नाकाला रुमाल लावून लांब पळाला. "बये, विष आहे ते!" "अस्सं? अन् इतकी वर्षं आमच्या पाठीवर काय अत्तर होतं?" मळ्याकडे निघालेल्या बायकांनी ते ऐकलं. एकेकीनं आपला पंप खाली ठेवला.