आप्पांना हसवायचं

म्हाताऱ्या गुरूनं चेल्याच्या टाळक्यात भाताची वाटी हाणली, चेला बाकड्यासकट उलटा झाला, तरी गुंडाप्पा हसले नाहीत. डोळे टीव्हीवर, टॉवेलचं टोक तोंडात आणि चेहरा बंद दुकानासारखा.

राजश्रीनं चिरमुऱ्याची परात सासऱ्यांपुढं सरकवली. "आप्पा, बघा की, कसा पडला."

"बघतोय," आप्पा म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

टीव्हीच्या कडेला जिनेंद्रअण्णा रिमोट माईकसारखा धरून उभे होते. आप्पांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. निपाणीत व्हिडिओ हॉल होते तेव्हा हेच त्यांचं काम. कुंगफूचा पिच्चर चिनी भाषेत यायचा, पब्लिकला ओ की ठो कळायचं नाही. मग जिनेंद्रअण्णा पडद्याशेजारी बसून माईकवरून मनाला येईल ती गोष्ट सांगायचे. चीनचा सरदार तंबाखूचा अडत्या व्हायचा, गुरू चिकोडीचा पैलवान. पहिल्या खेळाला हिरो मराठीत मार खायचा आणि कानडीत मार द्यायचा, दुसऱ्या खेळाला उलट. दोन्हीकडचं पब्लिक खूश. पहिल्या बाकड्यावर आप्पा ठरलेले. त्यांचं हसणं पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं म्हणे.

आता त्या हसण्याची आठवणच उरली होती. सुकुमार, आप्पांचा एकुलता मुलगा आणि राजश्रीचा नवरा, गेल्या हिवाळ्यात तवंदी घाटात गाडी उलटून गेला. त्यानंतरचे महिने राजश्रीला नीट आठवतही नव्हते. दुःख झालं म्हणावं तर तेही कळत नव्हतं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं.

मग एके दिवशी जिनेंद्रअण्णा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "पोरी, आप्पाकडं बघ जरा. म्हातारा असाच मुका ऱ्हायला तर लई दिस काढायचा न्हाय. एकदा खदखदून हसला तर सुटंल बघ. तेला ह्या पिच्चरांचं याड होतं. तू लाव, मी येतो बोलायला."

ह्या घरातलं आणखी एक माणूस जाणार, एवढंच तिला कळलं. ती अंथरुणातून उठली. टीव्हीवरची धूळ पुसली, मोबाईलवरून पिच्चर लावायला शिकली. तेव्हापासून रोज दुपारी खेळ. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची असत, म्हणून त्याआधी शेवटची मारामारी संपायला हवी.

जैनाच्या घरात रोज हाणामारी, म्हणून शेजारणीनं नाक मुरडलं होतं. जिनेंद्रअण्णांनी तिला तिथंच गप्प केलं. "आक्का, ह्यात कुणी मरत न्हाय. हिंसा कुठली?"

आप्पा हसत नव्हते, पण त्यांच्या फर्माइशी वाढल्या होत्या. उद्या चिवडा कर. परवा थालीपीठ लाव. आणि वर, "तू बी बस गं हितं. मला एकट्याला बघवत न्हाय." राजश्री बसायची. टीव्हीकडं कमी आणि त्यांच्या तोंडाकडं जास्त बघायची.

ह्या पिच्चरात लोकांना एवढं काय गोड लागायचं, ते तिला आधी कळेना. एकच खानावळ चार पिच्चरांत मोडायची. गुरूची दाढी डिंकानं चिकटवलेली, वाऱ्यानं एका बाजूला निघायची. पण बिचारे पडायचे ते खरंच पडायचे. पाठ चोळत उठायचे आणि परत मार खायला उभे. ह्या येड्यांची तिला हळूहळू सवय झाली होती.

"आता ह्यो गडी बघा," जिनेंद्रअण्णा रिमोटमध्ये बोलले. "मघाशी पुलावर मेला, आता मिशी लावून परत आला. पैका न्हाय वो, माणसं कमी. मेलेल्यांनाच परत बोलवाय लागतंय."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. राजश्री त्या मिशीवाल्याकडं बघत राहिली. आपल्याला आता रडू येईल म्हणून थांबली. आलं नाही.

पडद्यावर मिशी सुटून रश्श्यात पडली. गुरूनं ती भाजी समजून तोंडात घातली, चावली, चावली आणि आणखी एक वाढ म्हणून वाडगा पुढं केला. जिनेंद्रअण्णांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पांचे खांदे गदगदू लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टॉवेल तोंडावर दाबून ते तडक परसात गेले.

राजश्री त्यांच्यामागं उठली. "अण्णा, सुकुमारची आठवण झाली त्यास्नी. बंद करूया का हे? मला न्हाय जमत हे."

"मी बघतो. तू चहा टाक."

तिनं चहा टाकला. उकळी येईपर्यंत ती कट्ट्याला धरून उभी होती. आप्पा गेले तर ह्या घरात आपण कुणासाठी चूल पेटवायची, हे तिला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं, आणि तिला भीती वाटली. कप घेऊन ती मागच्या दाराशी आली.

आप्पा एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातानं पोट दाबून हसत होते. आवाज न करता, तोंड पार उघडून, दम लागेपर्यंत.

जिंकलो आपण. तिनं हाक मारायला तोंड उघडलं.

"अरं, बास की आता," जिनेंद्रअण्णा दबक्या आवाजात म्हणत होते. "किती दिस दाबून धरणार? एकदा तिच्या म्होरं हस. पोरगी किती झटतीया."

आप्पांनी डोळे पुसले. "खुळा हैस काय? मला हसवायचं म्हणून तर ती अंथरूण सोडतीया. मी हसलो, की परत जाऊन पडंल."