भिकाजी मेस्त्रींची मूठ

गोठणकरांच्या स्वयंपाकघराची भिंत ओल्या भाकरीसारखी खचली, तेव्हा भिकाजी मेस्त्रींना हसू नाही आलं. आयुष्यभर त्यांनी चिऱ्याची घरं बांधली होती. पुढे बुरशीच्या भिंती आल्या. साच्यात भुसा भरून विरजण लावलं की घर आपोआप उगवायचं, आणि गवंड्याचं काम संपलं. आता त्या विरजणालाच रोग लागला होता. आळीतली घरं एकेक करून मऊ पडत होती आणि चांगलं विरजण कुठंच उरलं नव्हतं.

त्यांची लेक हेमांगी पुण्याहून आली. तिथल्या संग्रहालयात ती वाळलेल्या अळंब्या सांभाळायची. "मेलेल्या अळंब्यांची राखण कसली करतेस?" असं भिकाजी तिला नेहमी टोचायचे.

तिनं बरणी पुढं केली. "आबा, इंग्रजांच्या काळात कुणीतरी ही अळंबी आपल्याच घाटातून वेचून ठेवली होती. आम्ही तिला पुन्हा जागं केलंय. पण भिंतीत टिकेल का, ते इथंच कळेल."

"आणि नाही टिकली तर?"

"मग माझ्याकडे दुसरं काही नाही."

भिकाजींनी माळ्यावरची थापी काढली आणि बरणीतला लगदा खचलेल्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं दाबून भरला.

आठवड्यानं सगळी आळी तिथं जमली. हेमांगी नखं कुरतडत उभी होती. भिकाजींनी मूठ वळली, कोपऱ्यावर जोरात ठोसा हाणला आणि कळवळून मागं सरले.

"लागलं का हो?" गोठणकरीणबाईंनी विचारलं.

"लागलं तर!" सोललेली मूठ सगळ्यांपुढं नाचवत ते म्हणाले. "माझ्या लेकीची भिंत आहे ती!"