टाकीवरची जागा

नागसेनने पॉलिश पेपर बादलीत बुडवला, झटकला आणि टाकीला लावण्याआधी पुन्हा एकदा त्या जागेकडे बघितलं.

वडिलांची राजदूत. टाकीचा चेरी रंग चाळीस वर्षांत विटला होता, पण टिकून होता. फक्त सीटच्या लगेच पुढचा, वीतभर भाग पार घासला होता. कडेला चेरी, मग प्रायमरची राखाडी रेघ, मधोमध उघडा पत्रा. तिथं बसून एक पोरगं रोज बाबांबरोबर शाळेत गेलं होतं. ते पोरगं नागसेन नव्हतं.

ते पोरगं समोर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसलं होतं.

"नको राव हात लावू," थोरला भाऊ संघर्ष म्हणाला. गाडीला रंग देणार हे कळल्यावर तो सकाळीच दिघीहून कुरुळीला आला होता. "ओरिजिनल रंग आहे. असा आता बघायलाही मिळत नाही."

"ओरिजिनल कुठंय दादा? पत्रा दिसतोय."

"ती माझी बैठक आहे भावा. सहा वर्षं घासलंय तिथं ढुंगण. जरा मान ठेव."

आत लेकीला, सोनूला तेल लावत बसलेली नागसेनची बायको श्रद्धा हसली. नागसेन हसला नाही.

तो चाकणला कंपनीत पेंट शॉपला होता. दिवसभर नव्या गाड्यांच्या पत्र्यावर केसाएवढा ओरखडा शोधायचा आणि घालवायचा. घरच्या गाडीवरचा हा डाग मात्र बाबा गेल्यापासून, दोन वर्षं, तसाच राहिला होता. पत्रा गंजेल, म्हणून रंग द्यायचाय, असं तो सगळ्यांना सांगे. श्रद्धाला गंजाचं खरं वाटत नसे. रोज गाडी पुसताना त्या जागेवर आलं की त्याचं फडकं जरा जोरात चालायचं, हे तिने पाहिलं होतं.

"पाऊस असला की बाबा मला पुढं घेऊन माझ्यावरूनच रेनकोटाची बटणं लावायचे," संघर्ष सांगायला लागला. "नुसतं डोकं बाहेर. अख्खं गाव हसायचं."

"माहितीये."

"तुला काय माहितीये, तू तर..."

"मी बसण्याएवढा झालो तोवर बाबांना कंपनीची बस सुरू झाली होती. मी उभ्या गाडीवर बसून तोंडाने आवाज काढायचो. आणि तू म्हणायचास, उतर, माझी जागा आहे."

संघर्षने कप खाली ठेवला. "लहान होतो रे."

"मी पण."

नागसेनने पेपर टाकीला लावला. कडेच्या चेरी रंगावरून एकदाच फिरवला. लालसर पाण्याचा एक ओघळ टाकीवरून खाली आला आणि फरशीवर पसरला.

श्रद्धा बाहेर आली ती सोनूला पुढे धरूनच. "घ्या हिला. दूध उतू जातंय."

दूध अजून गॅसवर ठेवलंही नव्हतं.

"अगं, तेल आहे तिला!" नागसेन मागे सरला. पेंट शॉपला जाणाऱ्याने अंगाला तेल, पावडर, सेंट काही लावायचं नाही. एवढंसं तेल गेलं तरी रंगाला खळगे पडतात, अख्खी बॉडी परत पाठवावी लागते. त्यामुळे मालिश झाली की तो लेकीला लांबूनच टाटा करायचा. आज गुरुवार, कंपनीची साप्ताहिक सुट्टी होती, तरी अंगाला सवय लागली होती.

"तुमची कंपनी बंद आहे आज," म्हणत तिने पोर त्याच्या हातात दिली आणि ती वळली.

नऊ महिन्यांची सोनू त्याच्या हातांतून निसटायला लागली. पेपर सुटून बादलीत पडला. खाली फरशी ओली. तिला टेकवायचं कुठं ते त्याला सुचेना. तो तसाच गाडीवर बसला आणि त्याने तिला पुढ्यात ठेवलं. ती त्या घासलेल्या जागेत बरोब्बर मावली. तिने दोन्ही पंजे टाकीवर आपटले. चेरी रंगावर तेलाचे दोन छोटे ठसे उमटले. तिने पुन्हा आपटले.

उंबऱ्याशी पोचलेली श्रद्धा आत गेली नाही.

"दादा," नागसेन वर न बघता म्हणाला, "बाबांचे हात कुठं असायचे?"

"हँडलवर. दुसरे कुठं असणार?"

"तसं नाही. तुला धरायचे कशाने?"

संघर्ष उठून जवळ आला. त्याने स्वतःची कोपरं बरगड्यांना लावून दाखवली. "असं. दोन्हीकडून. आणि हनुवटी माझ्या डोक्यावर. दाढी टोचायची." तो थांबला. "शाळा येईपर्यंत."

हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं.

नागसेनने हँडल धरलं. कोपरं आत घेतली. मग हळूच, कोणी हसेल की काय अशा धास्तीने, हनुवटी सोनूच्या टाळूवर टेकवली. खोबरेल त्याच्या दाढीला लागलं. उद्या पहिली शिफ्ट होती. बादलीत पेपर तळाला गेला होता.

संघर्ष बघत उभा राहिला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला, जिथं केस आता विरळ झाले होते.

"झालं का?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "दे तिला इकडं. उतर, मला बसू दे जरा."

"थांब की," हनुवटी न उचलता नागसेन म्हणाला. "आत्ता तर बसलोय."